थांबण्याची वेळ

पुण्यात बसून आमची टीम वेगवेगळ्या ग्राहकांची व्हर्च्युअल मशीन्स सांभाळते. त्यांत चाकणचे सुट्या भागांचे कारखाने आहेत, पतसंस्था आहेत, वाहतुकीच्या कंपन्या आहेत, एक साखर कारखाना आहे. मशीन्स क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये असतात. त्यांच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि या सगळ्याचं पॅचिंग मात्र आमच्याकडे असतं. सुरळीत चालू असलेलं मशीन मुद्दाम बंद करायचं, त्यात दुरुस्त्या भरायच्या आणि ते पुन्हा उभं राहतं का ते बघायचं, असं हे काम आहे. इतकी वर्षं ते केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. पॅच टाकायला फारसं डोकं लागत नाही, ते लागतं मशीन कधी थांबवायचं हे ठरवायला. आणि हा निर्णय एकट्या आयटी खात्याने घ्यायचा नसतो.

सुरुवात महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी होते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून आपल्या सुरक्षा दुरुस्त्या दर महिन्याच्या या एका दिवशी द्यायला सुरुवात केली. तिकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा झालेले असतात. त्या क्षणी फक्त दुरुस्ती जाहीर होत नाही, भोक नेमकं कुठे होतं तेही साऱ्या जगाला कळतं. पॅच उलगडून त्यावरून हल्ला रचणारेही त्याच रात्री कामाला लागतात. २०१७ चं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी देतो. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं एक भोक बुजवणारा पॅच १४ मार्चला आला होता. त्याच भोकातून शिरणारा वॉनाक्राय हा घातक प्रोग्राम १२ मेला पसरला आणि इंग्लंडमधल्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. पॅच हातात येऊन जवळजवळ दोन महिने झाले होते. जूनच्या अखेरीस नोटपेट्या हा तसाच दुसरा प्रोग्राम आला. तो पसरायला इतर मार्गांबरोबर हेच भोक वापरत होता, आणि तेव्हा आपल्या न्हावाशेवा बंदरातलं एक कंटेनर टर्मिनलही ठप्प झालं. ज्यांची मशीन्स उघडी राहिली होती, ती सगळी माणसं निष्काळजी होती असं मला वाटत नाही. त्यांना थांबायला वेळ मिळाला नसणार. 'या आठवड्यात नको, पुढच्या बघू' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यामागची अडचण मला समजते.

अडचण खरीच असते. आपल्याकडच्या कोणत्याही व्यवसायाचा महिना उघडून बघा. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी. २७-२८ पासून पगाराची धावपळ, ती पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते. मार्च अखेर तर कुणी बोलूही देत नाही. दिवाळीच्या आधी दुकानदारी करणारे ग्राहक सगळे बदल बंद करतात, त्याला आम्ही 'फ्रीझ' म्हणतो. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान कुठेही पडतो. त्यामुळे आम्ही बसवलेली घडी अशी आहे: चाचणीची मशीन्स मंगळवारनंतर दोनच दिवसांनी, आणि प्रॉडक्शन, म्हणजे प्रत्यक्ष कामाची मशीन्स, २० तारीख उलटल्यावरच्या पहिल्या शनिवारी. मधले दिवस चाचणीच्या मशीन्सवर काही बिघडतं का ते पाहायला मिळतात. हे दिवस वाया जात नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये ११ तारखेच्या पॅचमुळे काही विंडोज डोमेन कंट्रोलर पुन्हा पुन्हा रीबूट होऊ लागले होते आणि त्यावरचा उतारा १७ तारखेला आला. पॅच आला त्याच रात्री सगळीकडे टाकणाऱ्यांच्या वाट्याला तो आठवडा फार वाईट गेला. अर्थात हल्ले आधीच सुरू झाले असतील तर ही घडी मोडून त्याच रात्री पॅच टाकायचा असतो. तो अधिकार कुणाचा, हे लेखी ठरलेलं असलं पाहिजे.

वेळापत्रक लावतानाची एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. एका ग्राहकाचं काम आमच्याकडे आलं तेव्हा त्यांचं शेड्यूल 'दर महिन्याचा दुसरा रविवार' असं होतं. ऐकायला छान वाटतं, मंगळवारी पॅच आणि रविवारी इन्स्टॉल. पण कॅलेंडर घेऊन बसलो तर बहुतेक महिन्यांत दुसरा रविवार दुसऱ्या मंगळवारच्या आधी येतो. जानेवारी २०२५ घ्या: रविवार १२ तारखेला, मंगळवार १४ तारखेला. म्हणजे १२ जानेवारीला मशीनवर जे चढले ते १० डिसेंबरचे पॅच. रिपोर्ट हिरवा, यशस्वी १०० टक्के, आणि मशीन महिनाभर उघडं. म्हणून शेड्यूल 'दुसरा मंगळवार अधिक इतके दिवस' असंच लावायचं. अझुर आणि एडब्ल्यूएस या दोन्ही क्लाउडवर तशी सोय आहे. त्याच जोडीला टाइम झोन. शेड्यूल यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, लिहिलं की आपली रविवार पहाटे दोनची वेळ शनिवारी रात्री साडेआठची होते. वाराची खूण बदलायची राहिली की मशीन पूर्ण एक दिवस उशिरा, सोमवारी पहाटे दोनला रीबूट होतं. म्हणून आम्ही वेळ लिहिताना वार, तारीख आणि 'भारतीय वेळ' हे तिन्ही शब्दांत लिहितो. ग्राहकाला जाणाऱ्या मेलमध्येही तसंच.

क्लाउडवर आणखी एक पदर येतो. आपल्या मशीनच्या आतल्या पॅचची वेळ आपण ठरवतो, पण ते मशीन ज्या लोखंडी सर्व्हरवर चालतं त्याची डागडुजी क्लाउड कंपनी करते. बहुतेक वेळा ती कळतसुद्धा नाही. मशीन काही सेकंद गोठवतात किंवा चालू अवस्थेतच दुसऱ्या सर्व्हरवर हलवतात. साध्या वेबसाइटला याचं काहीच वाटत नाही. पण जोडीने चालणारे दोन डेटाबेस सतत एकमेकांना 'आहेस ना' असं विचारत असतात. त्यांच्यातला एक काही सेकंद गप्प झाला की दुसरा स्वतःला मुख्य समजून कारभार हातात घेतो, आणि सकाळी कुणीतरी विचारतं, रात्री काही केलंत का? याची सूचना आधी मिळू शकते हे अनेकांना माहीत नसतं. अझुरमध्ये मशीनच्या आतूनच १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर विचारलं तर गोठवणं, रीबूट वगैरे ठरलेल्या घटना साधारण पंधरा मिनिटं आधी कळतात. छोटीशी स्क्रिप्ट दर मिनिटाला विचारत राहते आणि गोठवणं दिसलं की डेटाबेसचा कारभार आधीच दुसऱ्याकडे सोपवते. फार थोड्या मेहनतीचं काम आहे, आणि रात्रीचे कितीतरी फोन त्यामुळे वाचतात.

कधीकधी मात्र क्लाउड कंपनीलाही थांबायला वेळ नसतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही प्रोसेसरमधलीच भोकं उघड झाली. ती ९ तारखेला जाहीर करायची असं ठरलेलं होतं आणि तोवर ग्राहकांनी आपापल्या सोयीने मशीन्स रीबूट करून घ्यावीत अशी अझुरची योजना होती. बातमी ३ तारखेलाच फुटली. उरलेली मशीन्स त्याच दिवशी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दुपारी साडेतीनपासून, म्हणजे आपल्याकडे ४ जानेवारीच्या पहाटे पाचपासून, आपोआप रीबूट होऊ लागली. एकाच लोखंडावर अनेकांची मशीन्स चालतात आणि भोक एकाच्या मशीनमधून दुसऱ्याची मेमरी वाचू देणारं होतं. अशा वेळी कुणाची सोय पाहणं शक्यच नव्हतं. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला. त्या पहाटेने आमच्या क्षेत्रातल्या लोकांची दोन गटांत सरळ विभागणी केली. ज्यांची मशीन्स दर महिन्याला रीबूट होत होती त्यांनी सकाळी मेल वाचला आणि चहा घेतला. ज्यांची वर्षानुवर्षं बंद झाली नव्हती, त्यांची तारांबळ उडाली.

कारण मशीन बंद पडण्यापेक्षा ते परत न उठणं हे खरं संकट असतं, आणि ते पॅचमुळे होतंच असं नाही. एका वाहतूक कंपनीचं बिलिंगचं लिनक्स मशीन आमच्याकडे आलं तेव्हा त्याचा अपटाइम, म्हणजे न थांबता चालू असण्याचा काळ, तीन वर्षांच्या वर होता. त्यांच्या मॅनेजरना त्याचा अभिमान होता. "हात नका लावू, मॅडम, उत्तम चालतंय," असं ते माझ्या सहकारी मुलीला दोनदा म्हणाले. तिने हात लावला नाही, फक्त बघितलं. आत्ता चालू असलेल्या सेवांची एक यादी काढली, मशीन सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या सेवांची दुसरी काढली, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. बिलिंग ज्यावर चालतं तो टॉमकॅट सर्व्हर पहिल्या यादीत होता, दुसऱ्यात नव्हता. कुणीतरी तीन वर्षांपूर्वी लॉगिन करून तो हाताने सुरू केला होता. डेटाची डिस्कही हातानेच जोडलेली होती, सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफस्टॅब फाइलमध्ये तिची ओळच नव्हती. आणि त्या फाइलमध्ये एक ओळ होती ती केव्हाच काढून टाकलेल्या जुन्या डिस्कची. अशी ओळ असली की लिनक्स सुरू होताना त्या डिस्कची वाट बघतं, ती सापडत नाही, आणि मशीन आणीबाणीच्या अवस्थेत अडकून बसतं. बाहेरून लॉगिनच होत नाही. मशीन आपल्या खोलीत असतं तर मॉनिटर-कीबोर्ड जोडला असता. क्लाउडवर सीरियल कन्सोल आधी चालू करून ठेवला असेल तरच वाट सापडते.

तिने तिन्ही गोष्टी दुरुस्त केल्या, डिस्कच्या नावांऐवजी त्यांचे यूयूआयडी, म्हणजे कायमचे ओळख क्रमांक, लिहिले, कारण रीबूटनंतर डिस्कचं नाव बदलू शकतं. मग एका रविवारी सकाळी दहा वाजता, त्यांचा स्वतःचा डेव्हलपर फोनवर असताना, स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, घेऊन मशीन नुसतं रीबूट केलं. एकही पॅच न टाकता. ते उठलं, बिल निघालं, डेव्हलपरने छापून बघितलं. पॅच पुढच्या आठवड्यात टाकले. हा क्रम आता आमचा नियम आहे: अनोळखी मशीनवर आधी रिकामं रीबूट, मग पॅच. दोन्ही एकदम केलं आणि मशीन उठलं नाही, तर दोष जुन्या मांडणीचा की नव्या पॅचचा हे शोधण्यात रात्र जाते. लोक सहसा पॅचला दोष देऊन तो काढून टाकतात, आणि खरं कारण तसंच आत राहतं. लांबलचक अपटाइम हे तब्येतीचं लक्षण नव्हे. त्या मशीनला बंद व्हायची सवय राहिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वेळ ठरवण्याबद्दल मला सर्वांत जास्त शिकवलं ते साखर कारखान्याने. कृष्णेच्या काठचा कारखाना, ऊस वजनाचं आणि शेतकऱ्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर क्लाउडवर. गळीत हंगाम सुरू झाला की काटा चोवीस तास चालतो. पाळी पहाटे चारला, दुपारी बाराला, रात्री आठला बदलते. गाड्यांची रांग रात्री दोनलाही असते. आमची शनिवार रात्रीची विंडो, म्हणजे देखभालीसाठी राखलेली वेळ, तिथे निरर्थक होती. बैठकीत शेती अधिकारी म्हणाले, "साहेब, काटा थांबला तर गाड्या पार रस्त्यापत्तोर लागत्यात. बैलगाडीवाल्यानं काय करायचं?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, म्हणजे आमच्या रीबूटचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जाणार होते. पण हंगाम संपेपर्यंत चार-पाच महिने पॅच टाकायचेच नाहीत, हेही मान्य होण्यासारखं नव्हतं. त्याच मशीनवर हजारो शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक होते, आणि ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा असल्याने बिलांचं चक्रही थांबवता येत नव्हतं.

मार्ग काढला तो त्यांच्या चीफ इंजिनिअरनी. तोवर ते गप्प बसले होते. ते म्हणाले, "आमचं क्लीनिंग असतंय की हंगामात. बाष्पीभवनाच्या भांड्यांत थर साचतोय, तो काढल्याबिगर पुढं चालत न्हाई. तवा गाळप थांबतंय. तुमचंबी तवाच घ्या." मशीन थांबवल्याशिवाय चालत राहत नाही हे त्यांना समजावून सांगायची गरजच नव्हती, त्यांची उभी हयात त्यात गेली होती. क्लीनिंगची तारीख ठरली की तोडणीचा कार्यक्रम आधीच कमी करतात, त्यामुळे गाडीतळावर गाड्या मोजक्याच असतात. त्या वेळात काटा क्लार्क छापील पावतीपुस्तकावर वजन लिहून घेतो आणि नंतर नोंदी चढवतो. पहिल्या वेळी आम्ही दुपारी दोनची वेळ घेतली. त्यांचे हिशेबनीस, काटा क्लार्क, सॉफ्टवेअरवाला, सगळे जागे आणि जागेवर. मशीन उठल्यावर क्लार्कने रिकामी ट्रॉली काट्यावर घेऊन वजन टाकलं, पावती काढली आणि मगच आम्ही काम संपल्याचं कळवलं. रात्री दोनला हीच गोष्ट केली असती तर 'लॉगिनचं पान उघडतंय' एवढ्यावर आम्ही समाधान मानून झोपलो असतो.

तेव्हापासून मी मध्यरात्रीच्या विंडोचा आग्रह सोडला आहे. रात्री वापर कमी असतो हे खरं, पण बिघाड ओळखणारी माणसंही झोपलेली असतात. ज्या कामात संध्याकाळी सातनंतर सर्व्हर रिकामे असतात, तिथे आठ ते अकरा ही वेळ मी मागतो. काहीजण थोडं कुरकुरतात, पण बिलिंगवाली ताई जागी असते आणि दहा मिनिटांत सांगते की अमुक रिपोर्ट उघडत नाही. शिवाय आमची मुलंही माणसं आहेत. सलग शनिवारच्या रात्री जागलेल्या माणसाने पहाटे साडेतीनला घेतलेल्या निर्णयावर मी भरवसा ठेवत नाही, आणि तो ठेवायला लावणारी व्यवस्था मला चुकीची वाटते.

रात्रीच करावं लागणारं कामही असतंच. त्यातला सर्वांत कठीण भाग वाट बघण्याचा. व्हर्च्युअल मशीनला पडदा नसतो. पोर्टलमधून बूटचं चित्र मागवायचं, ते त्या क्षणाचा एक फोटो देतं: निळी पार्श्वभूमी, 'वर्किंग ऑन अपडेट्स, २७ टक्के, संगणक बंद करू नका'. पुन्हा मागवायचं, पुन्हा २७. विंडोज सर्व्हर २०१६ वर हे आकडे फार सावकाश हलतात. नवखा माणूस इथे अस्वस्थ होऊन मशीन जबरदस्तीने बंद करतो, आणि अर्धवट भरलेला पॅच ही सगळ्यांत वाईट अवस्था असते. म्हणून निर्णयाची वेळ दिवसा, शांत डोक्याने ठरवून ठेवायची. विंडो पहाटे चारला संपते, स्नॅपशॉटवरून मशीन परत उभं करून तपासायला सव्वा तास लागतो, तर पावणेतीनपर्यंत थांबायचं आणि पावणेतीनला मागे फिरायचं. हे कागदावर असलं की खुर्चीतल्या मुलाला कुणाची परवानगी मागावी लागत नाही. आणि तो स्नॅपशॉट परत उभा राहतो का, हे कधीतरी प्रत्यक्ष करून पाहिलेलं असावं लागतं.

१९ जुलै २०२४ ची सकाळ या क्षेत्रातला कुणी विसरणार नाही. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक छोटी फाइल आपल्या वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी बाहेर पडली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. फाइल दीडेक तासात मागे घेतली, पण पडलेलं यंत्र तेवढ्याने आपोआप उठणार नव्हतं. क्लाउडवरच्या मशीनची डिस्क सोडवायची, दुसऱ्या मशीनला जोडायची, ती फाइल पुसायची आणि परत लावायची, असं एकेक करावं लागलं. त्या फाइलला कुणाची विंडो लागू नव्हती, ती सगळीकडे एकदम गेली. टप्प्याटप्प्याने द्यावं, आधी थोड्या मशीन्सवर, मग बाकीच्यांवर, ही शिस्त ज्यांना जुनाट वाटत होती त्यांनाही त्या दिवशी तिचं महत्त्व पटलं. त्यानंतर आमच्या ग्राहकांनी पहिल्यांदा स्वतःहून विचारलं की कोणतं सॉफ्टवेअर आपल्या मशीन्सवर आपल्या नकळत बदलतं. ती यादी आता आम्ही दर तिमाहीला करतो.

हल्ली रीबूट न करता चालत्या मशीनमध्ये पॅच भरायची सोय आली आहे. विंडोजच्या काही आवृत्त्यांना आता ठरल्याप्रमाणे वर्षाला चारच रीबूट लागतात. सोय चांगली आहे, मी वापरतो. पण त्या चार वेळांच्या मध्येही मी रिकामं रीबूट ठेवतो.

तुम्ही कारखाना चालवत असा, पतसंस्थेत असा की शाळेच्या कार्यालयात, एक विनंती आहे. तुमचे सर्व्हर जो कोणी सांभाळतो त्याला या आठवड्यात विचारा की आपलं मुख्य मशीन शेवटचं केव्हा रीबूट झालं, आणि ते परत उठल्यावर आपल्या बाजूने कुणी तपासलं. उत्तर वर्षापूर्वीचं असेल तर त्याला रागावू नका, त्याच्यासोबत कॅलेंडर घेऊन बसा. तुमच्या कामाचा कोणता तास मोकळा असतो हे त्याला माहीत नाही. ते तुम्हालाच माहीत आहे.